उरलेले नऊ भाग

दान किती करावे याविषयी जगात पुष्कळ लिहिले गेले आहे. दान करून झाल्यावर हाती जे उरते त्याचे काय करावे, याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. देणाऱ्याची स्तुती होते, न देणाऱ्याची निंदा होते. पण जो देतो, आणि दिल्यावर संध्याकाळी नाटकालाही जातो, त्याचे कसे? त्याने रंगमंदिरात मन मोकळे करून हसावे, की खिशातल्या तिकिटाच्या किमतीत आणखी काय झाले असते याचा हिशेब करीत बसावे? मला हा प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे सारे आयुष्य या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनेच जात असते.

मी ख्रिस्ती आहे, म्हणून हा प्रश्न मला चर्चच्या भाषेत पडतो. आमच्याकडे रविवारच्या उपासनेत अर्पणाची झोळी फिरते. कापणीच्या सणाला कोणी भोपळा आणतो, कोणी कोंबडी आणतो, कोणी नव्या बाजरीची पाटी वाहतो. उपासना संपल्यावर त्यांचा लिलाव होतो आणि चार लिंबांना बाजारात कोणी देणार नाही अशी किंमत येते. पाळकसाहेब कधी दवाखान्यासाठी मागतात, कधी वसतिगृहातल्या मुलांसाठी, कधी दूरच्या डोंगरात सुवार्तेचे काम करणाऱ्या कुटुंबासाठी. सगळी कामे खरी असतात आणि सगळ्यांना पैसा हवा असतो. शिवाय पैशावर भागत नाही. सोमवारी पंचांची सभा, बुधवारी प्रार्थना, शनिवारी गायनाचा सराव. मग ज्याला घरी रेडिओपाशी बसून गाणे ऐकायचे आहे, किंवा गच्चीवरच्या कुंडीतल्या गुलाबाची छाटणी करायची आहे, त्याच्या मनाला एक बारीकशी टोचणी लागते. वाचकहो, आपल्या घरी झोळीऐवजी देवळाची हुंडी असेल, वारीतले अन्नदान असेल, जकात असेल, नाहीतर एखाद्या संस्थेची पावती असेल. नावे बदलली तरी टोचणी तीच.

या टोचणीवर आमच्या वडीलधाऱ्यांचा एक ठरलेला उपाय असे. दशमांश द्यावा, म्हणजे दहांतला एक भाग देवाचा, आणि उरलेले नऊ आपले. या हिशेबात मोठा दिलासा आहे. एकदा देणे चुकते केले की देव आणि आपण मोकळे! परंतु ज्या धर्मशास्त्रातून हा नियम आला ते उघडून पाहिले की दिलासा जरा डळमळतो. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात सांगितलेला दशमांश पेटीत टाकायचा नाहीच. धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा दहावा भाग घेऊन पवित्र स्थळी जायचे, वाट लांबची असेल तर त्याची चांदी करून न्यायची, तिथे मनाला येईल ते विकत घ्यायचे आणि घरच्या सर्वांनी देवासमोर आनंदाने जेवायचे. गावातल्या लेव्याला मात्र विसरायचे नाही. आणि दर तिसऱ्या वर्षी तोच भाग गावातच साठवायचा, तो लेव्यासाठी, परक्यासाठी, पोरक्यासाठी आणि विधवेसाठी. म्हणजे त्या जुन्या नियमात दान आणि सण ही तराजूची दोन पारडी नव्हती. एकाच पिकातून, एकाच भागातून दोन्ही निघत होती. पुढे आपण हिशेबाच्या सोयीसाठी त्यांची फाळणी केली, एक भाग पुण्याचा आणि नऊ भाग मौजेचे. आणि मग त्या नऊ भागांकडे पाहायचेच सोडून दिले.

दुसरी अडचण याहून साधी आहे. दहावा भाग सर्वांना सारखा जड नसतो. ज्याचे उत्पन्न पोटापुरते, त्याचा दहावा भाग मुलाच्या दुधातून निघतो. ज्याचे उत्पन्न उतू जाते, त्याचा दहावा भाग सांडलेल्यातून भरून येतो. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेने सर्वांहून अधिक दिले असे येशूने म्हटले, तेव्हा त्याने किती टाकले हे न पाहता किती उरले हे पाहिले होते. उरलेल्याकडे पाहण्याची ही पद्धत अवघड आहे खरी, पण टाळता येण्यासारखी नाही.

ती न टाळणारे लोक होऊन गेले. मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) याने एका प्रवचनात एका माणसाची हकीकत सांगितली आहे; ती त्याची स्वतःचीच असावी असे मानतात. त्या माणसाला वर्षाला ३० पौंड मिळत. २८ पौंडांत त्याचे भागे आणि २ पौंड तो देऊन टाकी. पुढच्या वर्षी मिळकत ६० पौंड झाली; त्याने २८ च खर्चले आणि ३२ दिले. मग ९० झाले, तेव्हा ६२ दिले. १२० झाले, तेव्हा ९२ दिले. वेस्लीने दानाचा अंश ठरविला नाही, त्याने खर्चाची मर्यादा ठरविली. मिळकत वाढली की आपल्या गरजा गुपचूप तिच्या मागोमाग चढतात, हे माणसाचे वर्म त्याला नेमके सापडले होते. मला या हिशेबापुढे नेहमीच ओशाळल्यासारखे होते.

पण याच वेस्लीने १७४८ साली किंग्जवुड येथे मुलांची शाळा काढली. तिथे मुलांना पहाटे चारला उठवीत आणि खेळायला सुट्टीचा एकही दिवस नसे. जो लहानपणी खेळतो तो मोठेपणीही खेळतो, असा त्याचा विचार. इथे माझे पाऊल अडते. स्वतः २८ पौंडांत राहणाऱ्या माणसाला मी नमस्कार करीन, पण आठ वर्षांच्या पोराच्या हातातली गोटी काढून घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, असेही विचारीन.

अलीकडच्या काळात हाच कडक विचार देवाचे नाव न घेता मांडला गेला. पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने १९७२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. १९७१ साली पूर्व बंगालमधून लक्षावधी निर्वासित आपल्या देशात आले होते, आणि त्यांची उपासमार त्याच्या डोळ्यांपुढे होती. त्याचा दृष्टान्त असा : उथळ तळ्यात एक मूल बुडत आहे, तुम्ही आत शिरलात तर कपडे चिखलाने माखतील, एवढेच. तुम्ही शिराल की नाही? शिरणार असाल, तर शेकडो कोस दूर मरणाऱ्या मुलासाठी तेवढाच तोटा सोसायला काय हरकत आहे? अंतराने कर्तव्य कमी होते काय?

होत नाही. या युक्तिवादाला मोडणारे उत्तर माझ्यापाशी नाही. मला फक्त एवढे दिसते की त्या तळ्यात एकच मूल आहे आणि ते बाहेर काढले की मनुष्य घरी जाऊन कपडे बदलू शकतो. जगाच्या तळ्याला काठ नाही. तिथे मुलांना वाचविणाऱ्यालाही जन्मभर जगायचे असते, आणि जन्मभर जगायचे तर त्याला कपडे बदलावे लागतात, जेवावे लागते, कधी गुणगुणावेही लागते. ही पळवाट होऊ शकते, हे मी जाणतो. म्हणून हा प्रश्न एखाद्या अशा माणसाच्या आयुष्यात पाहावा, ज्याच्यावर पळवाटीचा आरोप कोणी करू शकणार नाही.

असा माणूस म्हणजे विल्यम केरी. इंग्लंडातला हा मूळचा चांभार १७९३ साली बंगालमध्ये आला आणि पुढे श्रीरामपूर येथे राहिला. मराठी माणसाने त्याची आठवण ठेवावी असे एक कारण आहे. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो बंगाली आणि संस्कृत यांबरोबर मराठीही शिकवी. वैजनाथ पंडितांच्या साह्याने त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली मराठीचा कोश छापला. या नोकरीचा त्याला सुरुवातीला महिना ५०० रुपये पगार होता, पुढे तो १००० झाला. त्या काळात ही केवढी रक्कम! परंतु श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी आपसांत करार केला होता की प्रत्येकाची कमाई समाईक थैलीत जाईल आणि त्यातून प्रत्येकाला निर्वाहापुरते मिळेल. केरीचा पगार त्या थैलीत गेला. दहावा भाग देऊन नऊ ठेवणारा हा माणूस नव्हता. जवळजवळ नवाच्या पलीकडचे देऊन उरलेल्यात राहणारा होता.

आणि या माणसाला बागेचे वेड होते. श्रीरामपूरला सुमारे पाच एकरांवर त्याची बाग होती. पहाटे तो तिच्यात हिंडे, परदेशातून बिया मागवी, वनस्पतिशास्त्रज्ञांशी बियांची देवघेव करी. १८२० साली त्याने शेती व बागायतीच्या संवर्धनासाठी एक संस्था स्थापिली; डॉ. रॉक्सबर्गचा भारतीय वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ त्याच्या देखरेखीखाली छापला गेला. रॉक्सबर्गनेही झाडांच्या एका गोत्राला केरीचे नाव दिले. आपल्या सह्याद्रीत जो कुंभा नावाचा वृक्ष आहे, ज्याची गुलाबी केसरांची फुले रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली पडलेली दिसतात, त्याचे शास्त्रीय नाव ‘केरिया आर्बोरिया’. १८२३ साली दामोदर नदीच्या पुराने ही बाग धुऊन नेली. केरी तेव्हा साठी ओलांडलेला, मांडीच्या दुखापतीने अंथरुणाला खिळलेला. बरा झाल्यावर त्याने पुन्हा लावणी केली. १८३४ साली मरणाच्या दाराशी असताना त्याला एक काळजी लागली होती, असे चरित्रकार सांगतात : आपण गेल्यावर सोबती मार्शमन बागेत गाई सोडील! मार्शमनने बाग राखीन असे वचन देऊन त्याची समजूत घातली.

आता कडक हिशेबनीस विचारील : ही पाच एकर जमीन, हे तास, हे मजूर, हे मिशनच्या कामातून वजा नाही का झाले? केरीच्या बाजूने बोलणारे लगेच सांगतील की बागेमुळे शेतीत सुधारणा झाली, शास्त्राला मदत झाली, शरीर सुदृढ राहिले. सारे खरे आहे, पण या उत्तराने माझे समाधान होत नाही. विश्रांती आणि छंद यांचा बचाव नेहमी ‘त्याने काम अधिक होते’ असाच करावयाचा असेल, तर माणूस आणि बैल यांत फरक राहत नाही. बैलालाही वैरण याचसाठी घालतात. केरीची एक हकीकत मला याहून बोलकी वाटते. इंग्लंडहून आलेल्या बियांची पिशवी त्याने बागेत एका कोपऱ्यात झटकली, आणि काही दिवसांनी पिशवीच्या मातीतून डेझीचे एक रोपटे वर आले. डेझी म्हणजे इंग्लंडच्या कुरणात पायाखाली तुडविले जाणारे रानफूल. केरीला इतका हर्ष झाला की त्याने तो पत्रात लिहून कळविला, आणि दर वर्षी तो त्याचे बी धरून पुन्हा पेरीत राहिला. त्या फुलाने कोणाचे पोट भरले नाही, कोणाला ज्ञान झाले नाही. ते निव्वळ आनंदाचे होते. ज्याने सर्वस्व दिले होते, त्याला त्या आनंदाची लाज वाटली नाही.

असे का, याचा विचार करताना मला वाटते की क्रमाचा संबंध आहे. केरीने आधी दुसऱ्याचा हक्क मान्य केला, आणि मग हात मातीत घातले. आपण बहुधा उलटे करतो. आधी हौस पुरवून घेतो, मग उरल्यास देतो. आणि देताना थोडी खंत वाटली की ती खंत हेच आपले दान समजतो. टोचणी लागणे म्हणजे देणे नव्हे.

परंतु केरीची गोष्ट इथेच संपविली तर ती अर्धी सांगितल्यासारखी होईल. त्याची पहिली पत्नी डॉरोथी मनाविरुद्ध भारतात आली. इथे आल्यावर तिचे एक मूल गेले, तिची बुद्धी भ्रमली, आणि १८०७ साली त्याच अवस्थेत ती वारली. नवऱ्याच्या समर्पणाची किंमत तिने मोजली; तिला कोणी विचारले नव्हते. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’तून सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. वाचताना आपण हसतो, कारण लक्ष्मीबाई हसत सांगतात. पण त्या हसण्यामागे संध्याकाळच्या चुलीची काळजी कोणी वाहिली, हे त्या बाईने न रडता लिहून ठेविले आहे. मला यातून एक नियम काढावासा वाटतो. जे माझे आहे तेच मला देता येते. बायकोची फुरसत, मुलाची सहल, म्हाताऱ्या आईचे तीर्थाटन ही माझ्या दानशूरपणाची भांडवले नव्हेत. जो कुटुंबप्रमुख दर संध्याकाळ चर्चच्या सभांना वाहतो आणि घरी आल्यावर तयार ताट मागतो, त्याने अर्पण केलेली संध्याकाळ त्याची नसते, ती त्याच्या पत्नीची असते.

विश्रांतीच्या आज्ञेतही हेच आहे. सातव्या दिवशी तू विसावा घे एवढेच तिथे म्हटलेले नाही. तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझ्या गावातला परका यांनाही विसावा मिळू दे, असे म्हटले आहे. म्हणजे माझ्या फुरसतीविषयी विचारायचा पहिला प्रश्न ‘हिला किती पैसे पडले?’ हा नाही. ‘ही कोणाच्या पाठीवर उभी आहे?’ हा आहे.

येशूच्या चरित्रात या वादाचा एक नमुनेदार प्रसंग आहे. बेथानी येथे एका स्त्रीने मोलवान सुगंधी तेलाची कुपी फोडून त्याच्यावर ओतली. तेलाची किंमत तीनशे दीनारांहून अधिक, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची मजुरी. जमलेल्यांनी कुरकुर केली की हे विकून गरिबांना देता आले असते. येशूने त्या बाईची बाजू घेतली आणि गरीब तुमच्याजवळ नेहमीच आहेत असे म्हटले. या वाक्याचा पुढे किती दुरुपयोग झाला! गरिबी राहणारच, मग देता कशाला, असा अर्थ काढणारे काही कमी नाहीत. पण ते शब्द ज्या जुन्या शास्त्रवचनाची आठवण देतात, तिथे लगेच पुढे आज्ञा आहे की म्हणून तू आपला हात सैल सोड. आणि योहान आणखी एक गोष्ट नोंदवितो : गरिबांचा कैवार घेऊन बोलणारा यहूदा होता आणि थैली त्याच्याच हाती असे. दुसऱ्याच्या आनंदाचा हिशेब मागणारे पुष्कळदा आपली थैली झाकून मागतात. जमाखर्च आपल्यापासून सुरू करावा.

तो कसा करावा याचा सर्वांत साधा धडा मला मिझोरामच्या ख्रिस्ती घरांत दिसतो. तिथे ‘बुहफाइ थाम’ म्हणून रीत आहे. स्वयंपाकाला बसताना घरची बाई मापलेल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या भांड्यात टाकते, प्रत्येक जेवणाच्या वेळी. ते तांदूळ मंडळीच्या बायका गोळा करतात, विकतात, आणि त्यातून सुवार्तेची व सेवेची कामे चालतात. या मुठीत दोन गोष्टी आहेत. ती आधी निघते, खरकट्यातून नव्हे. आणि ती निघाल्यावर घर जेवते, पोटभर जेवते, गप्पा मारीत जेवते. मूठ काढली म्हणून घास कडू होत नाही, उलट त्याला चव येते. आपल्याकडेही जात्यावर बसताना पहिली मूठ देवाची काढणाऱ्या आज्या होऊन गेल्या. त्यांना हा सिद्धान्त शिकवावा लागला नव्हता.

माझा स्वतःचा निर्णय मी इतकाच करू शकलो आहे. देणे आधी काढावे, आणि ते जाणवेल एवढे असावे. खर्चाला वेस्लीसारखी मर्यादा घालता आली नाही, तरी निदान नवी हौस घरात आली की देण्याची रक्कम गेल्या कित्येक वर्षांत तशीच का उभी आहे, हे स्वतःला विचारावे. आणि एवढे केल्यावर गाणे ऐकताना गाणेच ऐकावे. अर्ध्या मनाने केलेली मौज आणि अर्ध्या मनाने केलेले दान, दोन्ही सारखीच फुकट जातात.

पण याच्या पुढची एक पायरी आहे, आणि ती मला सर्वांत कठीण वाटते. हौस ही माणसाची गरज आहे असे मी माझ्यासाठी मान्य केले, तर ती ज्याला मी देतो त्याचीही गरज आहे. आपण वसतिगृहातल्या मुलाला धान्य देतो, वह्या देतो, सतरंजी देतो. चेंडू द्यायचा म्हटले की हात आखडतो. दूरच्या खेड्यात काम करणाऱ्या प्रचारकाच्या घरी चांगली पेटी दिसली, किंवा त्याची बायको नवे लुगडे नेसलेली दिसली, की मंडळीत कुजबूज होते : आमच्या पैशावर! स्वतःसाठी नऊ भाग राखणाऱ्या आपल्याला, एका भागावर जगणाऱ्याचा एवढासा आनंद खुपतो. १९०५ सालच्या नाताळात श्रीरामपूरला, केरीच्या ग्रंथालयातच, भारतीयांनी भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय व्यवस्था या तत्त्वावर आपली राष्ट्रीय मिशनरी संस्था स्थापिली. दान घेणाऱ्याने देणारा व्हावे ही त्यातली आकांक्षा मोठी होती. त्यासाठी देणाऱ्याने घेणाऱ्याला आपल्यासारखाच माणूस मानावे लागते, पोट असलेला आणि पोटाखेरीजही काही असलेला.

दिवाळीचे फराळ शेजारी पाठविताना आपण हे सहज करतो. चकली ही कोणाची निकड नसते; ती आनंदाची वस्तू आहे, म्हणूनच ती ताटात घालून, वर रुमाल टाकून आपण चार घरी नेऊन देतो, आणि तिथे धर्म आड येत नाही. १९०९ साली ‘मनोरंजन’ने मराठीत पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वाचनाचीही अशीच देवघेव चालली आहे, एक अंक साऱ्या आळीत फिरतो. आपल्या हातातला हा अंकही उरलेल्या नऊ भागांतूनच आला असेल. तो खुशाल वाचावा. त्याबद्दल कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. फक्त वाचून झाला की ज्याला तो विकत घेता आला नाही अशा कोणाच्या तरी हाती द्यावा. आणि पुढच्या वर्षी द्यायच्या यादीत गहू-तांदळाच्या खाली एखादा चेंडू, एखादी पेटी, दोन-चार अंक लिहून ठेवावेत. दहावा भाग देवाचा, हे आपल्या पूर्वजांनी शिकविले. बाकीचे नऊही आपल्या एकट्याचे नाहीत, हे शिकायला मला वाटते एक आयुष्य पुरत नाही. पण सुरुवात करायला ही दिवाळी पुरेल.